साहेबाचे न पाहिलेले शेवट

विलायतेतल्या एका नामांकित दिग्दर्शकाचे पिक्चर मी ओळीनं पाहिले आणि त्यातल्या एकाचाही शेवट पाहिला नाही. सिनेमातल्या जाणकारांपुढे हे बोलले की ते भुवया उंचावतात. त्यांना वाटतं, बाई काहीतरी खोल बोलतेय. खोलबिल काही नाही हो. आमची एष्टी सुटायची.

दिग्दर्शकाचं नाव मी लिहिणार नाही. ज्यांना त्यातलं कळतं ते तर्क लढवतील, खुशाल लढवू देत. आम्ही दोघी बहिणी त्याला 'साहेब' म्हणायचो आणि इतक्या वर्षांनी मला तो त्याच नावानं आठवतो. "ह्या रविवारी साहेबाचा हाय का गं?" असं ताई विचारायची, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटलं असतं, यांच्या ओळखीचा कुणी कलेक्टर आहे.

सत्तर-एकाहत्तरचा तो काळ. आमचं घर देवळाली प्रवऱ्याला, पाटाच्या कडेला. उसाची शेती, घर खाऊनपिऊन सुखी. मी मॅट्रिक होऊन बसले होते. मला कॉलेजात घालावं की उजवून टाकावं, यावर घरात एकमत होत नव्हतं. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला नेवासं तालुक्यात, घोडेगावच्या जवळ दिलेलं. दाजी, म्हणजे तिचे मालक, घोडेगावच्या बाजारात बैलांचा व्यापार करायचे. उंच, गोरे, डोक्यावर परीटघडीची टोपी, आणि बोलणं इतकं गोड की आमच्या आळीतल्या बायका म्हणायच्या, "जावई मिळावा तर असा." आमची आई यावर नुसती फुलून यायची.

त्या वर्षी ताई दिवाळीला माहेरी आली ती परत जाईना. भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं, संक्रांत येऊन गेली, तरी तिचं निघायचं नाव नाही. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, एके दिवशी तिला समोर बसवलं. "मारतो का? उपाशी ठेवतो का? दारू पितो? भायेर काय भानगड हाय?" ताई प्रत्येक प्रश्नाला मान हलवून नाही म्हणायची. "मग झालं तरी काय?" यावर तिचं एकच, "मला तिथं भ्या वाटतं." कशाचं, ते काही तिच्या तोंडून निघेना. अण्णांचं डोकं फिरलं. "भ्या वाटतं म्हंजी काय? भुतं हायेत का तिथं? इतकं सोन्यासारखं घर!" आणि ताडकन उठून ते मळ्यात गेले.

मग दाजींच्या वकिलाची नोटीस आली, बायकोला नांदायला पाठवा म्हणून. आता आमच्या घरात विषय एकच उरला, ताई परत जाणार की नाही. भाकरी थापताना तेच, उसाला पाणी धरताना तेच, पाहुणा उंबऱ्याच्या आत आला की पाण्याचा तांब्या त्याच्या हातात पडायच्या आधी तेच. फक्त ताई काही बोलायची नाही. ती वाळत चालली होती, हे मला दिसत होतं, आणि मला तिचा राग यायचा. खरंच यायचा. बोल की बाई काहीतरी, असं वाटायचं.

अण्णांनी नगरचा वकील धरला. कोर्टाच्या दिवशी त्याला फुरसत नसायची, म्हणून तो रविवारी सकाळी घरीच लोकांना भेटायचा. पहिल्या खेपेला अण्णा, ताई आणि तिच्या सोबतीला मी, असे तिघं गेलो. वकिलानं ताईला अण्णांचेच प्रश्न विचारले, फक्त पुस्तकातल्या भाषेत. तिनंही तीच उत्तरं दिली. मग चष्मा पुसत तो म्हणाला, "यात धरण्यासारखं काही नाही. आपण तडजोडीचं बघू. आणि बायकांनी इथं ताटकळत बसायची गरज नाही." ताईला लागेल तेव्हा आत बोलवायचं, एरवी पुरुषमाणसांनी बोलायचं, असं ठरून गेलं.

आता प्रश्न पडला तो आम्हा दोघींना ठेवायचं कुठं याचा. स्टँडवर टवाळ पोरं. नात्यातल्या कुणाकडे जावं, तर "लेक अजून माहेरीच?" हा प्रश्न चहाच्या आधी येणार. अण्णांनी नगरभर नजर फिरवून जी सुरक्षित जागा शोधून काढली, ती ऐकून आजही मला हसू येतं. कॅम्पाच्या बाजूला एक थिएटर होतं. तिथं रविवारी सकाळी लष्करातल्या लोकांसाठी इंग्रजी खेळ लागायचा. अण्णांचं म्हणणं, "इंग्रजी खेळाला गर्दी न्हाई, आचरट गाणी न्हाईत, पंखे हायेत, आन मिल्ट्रीवाले शिस्तीचे. तिथं बसा. एष्टीच्या येळेला मी येतो." दुपारी जेवायच्या वेळेला एक गाडी देवळालीला जायची, ती चुकली की पुढची पार दिवस कलल्यावर. अण्णांना गुरांचं पाणी-वैरण बघायचं असायचं, त्यामुळे गाडी चुकवायची म्हणजे पापच.

आणि ते यायचे. डोअरकीपरनं पडदा बाजूला केला की अंधारात उजेडाची एक पट्टी पडायची आणि त्या पट्टीत अण्णांचं मुंडासं दिसायचं. मळ्याच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची सवय असलेला तो गळा. "ए पोरींनो, एष्टी!" पुढच्या रांगेतले अधिकारी दचकून मागं बघायचे. एक बाई तर नंतर नंतर अण्णांची चाहूल लागली की आधीच हसायला लागायची. पडद्यावर कुणी कुणाचा गळा धरलेला असो, की कुणी कड्यावर लटकत असो, आमच्यापुरता पिक्चर तिथं संपला.

साहेबाचा पहिला पिक्चर पाहिला तेव्हा तो साहेबाचा आहे हे ठाऊक नव्हतं. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, ताईचं तेवढंही नाही, आणि पडद्यावरचे गोरे लोक तोंडात सुपारी धरल्यासारखे बोलायचे. तरी कळत होतं! त्यात एका दुकानाच्या फळीवर कुणीतरी हातमोजे विसरून गेलेलं. त्या मोज्यांत मेलेल्या बाईची अंगठी दडवलीय, हे आम्हाला दाखवलेलं. दुकानातल्या पोरीला मात्र काही पत्ता नाही. ती बापडी धूळ झटकतेय, मोजे उचलतेय, बाजूला ठेवतेय, गिऱ्हाइकाशी हसतेय. आणि ज्याचे ते मोजे तो रस्ता ओलांडून दुकानाकडे येतोय. ताईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. दाराची घंटा वाजली आणि, "ए पोरींनो, एष्टी!"

गाडीत बसल्यावर मी किती चिडले होते काय सांगू. पण चिडण्याच्या खाली दुसरंच काहीतरी वळवळत होतं. त्या मोज्यांनी केलं काय? काहीच नाही. नुसते पडून होते. ना रक्त, ना भूत, ना किंकाळी. मग माझ्या पोटात गोळा का आला? हे त्या माणसानं केलं कसं?

पुढच्या रविवारी बंदुकांचा पिक्चर निघाला. घोडे, टोप्या, धडाधड गोळ्या, आणि आम्हाला जांभया. त्याच्या पुढच्या वेळी एक गाण्या-नाचाचा, त्यात ताई चक्क झोपली. मग एका रविवारी पुन्हा तोच गोळा पोटात. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सुरुवातीच्या पाट्यांत एक नाव होतं, ते मी मोज्यांच्या वेळीही वाचलं होतं. म्हणजे हे करणारा माणूस एकच आहे! मला एवढा आनंद झाला की मी अंधारात मोठ्यानं म्हणाले, "ताई, ह्यो त्योच!" समोरच्या अधिकाऱ्यानं शू केलं.

तेव्हापासून थिएटरात शिरायच्या आधी मी बाहेरच्या बोर्डावर ते नाव शोधायची. थिएटरवाल्याकडे साहेबाचे जुने काळे-पांढरे पिक्चर कुठून तरी आले असावेत, कारण उन्हाळ्यापर्यंत एक-दोन रविवार सोडले की तो भेटतच राहिला. आणि आम्ही त्याचा पिच्छा पुरवला. जिने चढताना तो माणसाचं तोंड न दाखवता नुसते पाय दाखवतो, हे मी टिपलं. सगळे जेवायला बसलेले असतात आणि तो एकट्याच्याच हाताकडे आपल्याला बघायला लावतो, हे ताईनं टिपलं. खुनी माणूस दिसायला कधीच ओंगळ नसतो, हेही तिनंच टिपलं. "उलट सगळ्यांत चांगला तोच दिसतो बघ," ती म्हणाली. "लोक त्याच्यासाठी खुर्ची सोडत्यात."

मला राहवेना, म्हणून मी घरात एक प्रयोग केला. सकाळी अण्णांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि हे फक्त ताईला सांगितलं. अण्णा ओसरीवर बसून शेजाऱ्याशी उसाच्या तोडणीचं बोलत होते. कप हातात. ओठापर्यंत न्यायचे, काहीतरी आठवायचं, खाली आणायचे. पुन्हा न्यायचे. मी दाराआडून गंमत बघत होते, आणि ताई माझ्या शेजारी पांढरीफटक पडत चालली होती. शेवटी ती ओरडलीच, "अण्णा, पिऊ नका!" शेजाऱ्याच्या हातून त्याची बशी सुटली. मला काय बोलणी बसली ती विचारूच नका. पण नंतर परड्यात भांडी घासताना ताई म्हणाली, "तुला कळलं का साहेबाचं? ज्याला म्हाईत आसतं त्यालाच भ्या वाटतं. बाकीचे च्या पीत बसत्यात." मी म्हणाले, "अगदी बरोबर!" आणि माझ्याच हुशारीवर खूश झाले.

राहिला शेवटांचा प्रश्न. मला वाटायचं, त्या हसणाऱ्या बाईला एकदा गाठून विचारावं, पुढे काय झालं म्हणून. ताईनं साफ नाही सांगितलं. "इचारायचं न्हाई. आपन करू." आणि ती करायची! विळदचा घाट उतरला की ती खिडकीकडे तोंड करून सुरू करायची. दुकानातल्या पोरीनं ते मोजे स्वतःच हातात घातले, वर ती अंगठी चढवली आणि तशीच त्या मोजेवाल्यापुढे हात नाचवत उभी राहिली. दुसऱ्या एका पिक्चरमध्ये सहलीला गेलेल्या लोकांत एकाच्या टोपलीत विष होतं, तिथं तिनं एका म्हाताऱ्या पाद्र्याला ऐनवेळी उपास आठवून दिला. घरात मुकी झालेली माझी बहीण एष्टीत अशी बोलायची की मागच्या बाकावरची माणसं पुढे सरकायची.

अण्णा आमच्या पुढच्या बाकावर बसायचे, डोळे मिटून. पोरींच्या गप्पांत बापानं लक्ष घालायचं नाही, अशी रीत. पण एकदा ताई मध्येच थांबली, तर मुंडासं गर्रकन वळलं. "मग त्या पाद्र्यानं खाल्लं का न्हाई?" आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. अण्णा ओशाळले, पण पुढचं ऐकल्याशिवाय त्यांनी मान वळवली नाही.

एका दुपारी मी ताईबरोबर नवा खेळ काढला. साहेबानं आपल्या घरावर पिक्चर काढायचा ठरवला तर तो सुरुवात कुठून करील? मी म्हणाले, विहिरीच्या रहाटापासून. ती म्हणाली, न्हाई, आईच्या किल्ल्यांच्या जुडग्यापासून, आई ते कमरेला खोचून विसरते तिथून. मला ते फार आवडलं. मग मी सहज विचारलं, "आन तुझ्या सासरी?" ती उठली आणि वाळत घातलेले कपडे काढायला लागली. कपडे ओलेच होते. मी ते तिला सांगितलंसुद्धा, तरी ती काढत राहिली.

उन्हाळा तापला तसं वकिलांचं जमत आलं. एका रविवारी थिएटरच्या पायरीवर अण्णांनी आम्हाला सांगितलं, "ठरलं. उद्या जावई आन त्यांचे चुलते न्यायला येत्यात. नोटीस मागं घेनार. चार मानसांत बोलनं झालंय, आता त्यात पानी पडायला नको." ताईनं फक्त "बरं" म्हटलं. अण्णा तरी उभेच राहिले. मग म्हणाले, "जा, बसा आत. पंखे हायेत." आणि पाठ फिरवून गेले. मला रडू आलं. ताईला आलं नाही.

त्या दिवशी साहेबाचाच होता. पियानो म्हणजे कपाटाएवढं एक वाद्य असतं. ते घरोघरी जाऊन सुरात लावून देणारा एक माणूस आणि त्याची नवी नवरी, अशी ती गोष्ट. माणूस फार सभ्य. गावोगावी फिरतो, आणि तो जातो त्या गावात काहीतरी वाईट घडतं. बायकोला संशय येऊ लागतो. ताई एरवी माझं मनगट धरायची. त्या दिवशी तिचे हात मांडीवर नुसते पडलेले. शेवटी ती बायको खिडकीत उभी आहे, बागेतून नवरा हातात कंदील घेऊन घराकडे येतोय, आणि त्याचं तोंड काही दिसत नाही. उजेडाची पट्टी पडली. "ए पोरींनो, एष्टी!" पण त्या दिवशी ती हाक नेहमीसारखी मोठी नव्हती.

घाट उतरला तरी ताई गप्प. मी काही विचारलं नाही. अण्णांनाच ते सोसेना. लेक उद्या जाणार आणि गाडीत अशी शांतता! मान न वळवता त्यांनी विचारलं, "काय झालं आज पिक्चरमधी?"

ताई सांगू लागली. "एक मानूस हुता. लई गोड बोलायचा. वाजवायच्या पेट्या दुरुस्त करायचा. त्याची बायको खिडकीत हुती आन तो कंदील घिऊन आला."

"मग?"

"आत आला. कंदील खाली ठिवला. म्हनला, जेवलीस का? ती म्हनली, व्हय. मग म्हनला, जा मधल्या खोलीत. ती गेली. त्यानं भायेरनं कडी घातली."

मी तिच्याकडे बघितलं. ती समोर बघत होती.

"गोऱ्यांच्या घरात बी कडी आसती?" अण्णांनी विचारलं. आता ते पुरते मागं वळून बसले होते.

"आसती की."

"आन मग? मारलं तिला?"

"न्हाई. काय बी न्हाई केलं. दाराला खाट लावून झोपला. उजाडल्यावर कडी काडली, म्हनला, उठलीस का गं? जसं काय झालंच न्हाई. का घातली ते कधी सांगितलं न्हाई. रोज बी घालायचा न्हाई. आज घालनार का न्हाई, ह्येच तिला दिवसभर कळायचं न्हाई. घरात म्हातारी आई हुती त्याची, ती म्हनायची, कसली कडी? तुझ्या डोस्क्यात काय तरी हाय." ताईचा आवाज जराही चढला नाही. "आन घरात चार मानसं आली, बसली, च्या-पानी चाललं, की तो बोलता बोलता त्या कडीवरनं बोट फिरवायचा. आसं." तिनं पुढच्या बाकाच्या दांडीवरून एक बोट हळूच फिरवलं. "तिच्याकडं बघून हासायचा. मानसांना वाटायचं, बायकोवर किती जीव हाय."

मी तोच पिक्चर बघितला होता. त्यात मधली खोली नव्हती, कडी नव्हती, म्हातारी आई तर नव्हतीच.

शेजारच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "लई हरामी मानूस." अण्णा तर लालबुंद झाले होते. "आन ती बाई गप बसली? तिला आईबाप न्हाईत का कुनी?"

"बाप हाय," ताई म्हणाली.

"मग तो काय करतोय? मेलाय का?"

"न्हाई. चांगला मानूस हाय. त्याला म्हाईत न्हाई."

"आरं मग त्याला कुनीतरी सांगा की!"

तेवढ्यात कंडक्टरनं "राहुरी, राहुरी" केलं. माणसं उठली, पिशव्या डोक्यावरून गेल्या. गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा अण्णा पुढे तोंड करून बसले होते. त्यांना काय कळलं, काही कळलं की नाही, मला मागून नुसतं मुंडासं दिसत होतं. घरी आल्यावर ते थेट गुरांकडे गेले.

त्या पिक्चरचा खरा शेवट मी कितीतरी वर्षांनी पुण्यात पाहिला, एका कॉलेजच्या हॉलमध्ये. जीव मुठीत धरून बसले होते. तर तो नवरा निर्दोष निघाला! कंदील खाली ठेवतो आणि बायकोला जवळ घेतो, खुनी दुसराच कुणी. शेजारचे लोक बाहेर पडताना साहेबाची थोरवी गात होते. मला मात्र फसवल्यासारखं झालं. साहेब मोठा माणूस, वादच नाही, पण त्या दिवशी एष्टीत त्याच्याहून चांगला शेवट माझ्या बहिणीनं केला होता असं मला वाटतं, आणि माझं हे मत कुणी बदलू शकणार नाही.

एष्टीतल्या त्या गोष्टीच्या दुसऱ्या दिवशी ते आले. दाजी, त्यांचे चुलते आणि तडजोड घडवून आणणारे एक गृहस्थ. ओसरीवर सतरंजी घातली होती. आईनं ओटीची तयारी केली होती, ताईची पेटी बांधून झाली होती. अण्णा पहाटेपासून मळ्यात होते, ते आत्ता हातपाय धुऊन येऊन बसले. पाऊसपाण्याचं बोलणं झालं, बैलांच्या भावांचं झालं. दाजी माजघराच्या दाराला टेकून बसले होते. टोपी परीटघडीची.

ताई चहा घेऊन बाहेर आली. दाजींनी उजव्या हातानं कप उचलला आणि विचारलं, "तब्येत बरी हाय ना?" काय तो आवाज! लोण्यासारखा. आणि चुलत्यांशी बोलता बोलता त्यांचा डावा हात वर गेला, आमच्या माजघराच्या दाराच्या कडीपर्यंत, आणि त्यांनी तिच्यावरून एक बोट फिरवलं. सावकाश, टोकापासून टोकापर्यंत. ताईकडे बघून हसले. चुलतेही हसले, तडजोडवाले गृहस्थही हसले. नवरा-बायकोचं जमलं म्हणून सगळ्यांना बरं वाटलं.

मी ताईकडे बघितलंच नाही. मी अण्णांकडे बघत होते. त्यांच्या हातातली बशी ओठाशी जाऊन थांबली होती. त्यांनी ती खाली ठेवली.

"च्या घ्या," अण्णा म्हणाले, "आन निघा. पोर येनार न्हाई."

चुलते म्हणाले, "आहो, चार मानसांत ठरलंय."

"ठरलं आसंल. मी मोडतो."

"पन झालं काय अण्णा?" दाजींचा आवाज अजून तसाच गोड होता. "आमचं काय चुकलं, ते तरी सांगा."

"काय न्हाई चुकलं," अण्णा म्हणाले. "तुमचं बोट तेवढं माज्या कडीवरनं काडा."

दाजींनी हात झटकन खाली घेतला. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं, आणि त्या हसण्याखाली काय होतं ते त्या दिवशी ओसरीवरच्या सगळ्यांनी पाहिलं. चुलत्यांनीसुद्धा. ते गेले.

पाहुण्यांना वाटेला लावून अण्णा परत आले ते थेट स्वयंपाकघरात. पुरुषमाणूस तिकडे सहसा यायचा नाही. आई भिंतीला टेकून रडत होती. ताई चुलीपुढे बसली होती, तव्यावर भाकरी होती आणि ती तिनं उलटली नव्हती.

अण्णा दारात उभे राहिले. म्हणाले, "मी इतक्या येळा इचारलं. बापाला सरळ सांगता आलं न्हाई का तुला?"

ताईनं भाकरी उलटली. वर न बघता म्हणाली, "सरळ सांगितलं आसतं, तर तुमी वकिलाला इचारलं आसतं."

अण्णा पाट ओढून तिथंच चुलीपाशी बसले आणि म्हणाले, "वाढ."